जुन्या रायफलीचा दस्ता : आधी कारण शोधा, मग पॉलिश करा



या महिन्यात एकाच पत्राला सविस्तर उत्तर देत आहे. पत्र रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचकाचे आहे. त्यांच्या मरहूम वालिदांची .३१५ बोअरची रायफल घरात आहे. परवाना रीतसर त्यांच्या नावावर झाला आहे. रायफलीचे लोखंड ठीक आहे, पण लाकडी दस्त्याची दशा वाईट आहे. पॉलिशचे पापुद्रे सुटतात, मागच्या टोकाला पांढरे डाग पडले आहेत आणि मूठ धरायच्या जागी चिकट काळपट थर बसला आहे. गावातील सुतार म्हणतो, मशीनने घासून पीयू मारून देतो, दोन दिवसांत आरशासारखा चमकेल. धाकट्या भावाला ते पसंत आहे. अम्मी मात्र म्हणतात, त्या लाकडावर तुमच्या अब्बांचा हात फिरला आहे, त्याला कोणी हात लावू नका. कोणाचे ऐकावे, असा वाचकांचा प्रश्न आहे.

अम्मींचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. त्या लाकडातून जे घासून निघेल ते परत येणार नाही. पण तसेच ठेवले तर दोन-चार पावसाळ्यांत ते लाकूड भेगाळेल. म्हणून हात लावावाच लागेल, फक्त बेताने. आणि ब्रश हातात घेण्याआधी एक काम करायचे आहे : पॉलिश का सुटले, ते शोधायचे. कारण तसेच राहिले तर कितीही महागडे पॉलिश लावा, वर्षा-दोन वर्षांत तेही त्याच जागी सुटेल.

पहिले काम कायद्याचे आणि सुरक्षेचे

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना नसलेल्या माणसाने बंदूक ताब्यात ठेवणे हा गुन्हा आहे. सुताराच्या दुकानात रायफल दोन दिवस ठेवून येणे म्हणजे त्याला आणि स्वतःलाही अडचणीत टाकणे. परवानाधारक सोबत असताना, किंवा त्याच्या लेखी संमतीने, दुरुस्तीसाठी दुसऱ्याने शस्त्र नेण्याची मुभा कायद्यात आहे. पण दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याकडे त्या कामाचा परवाना असावा लागतो आणि गावच्या सुताराकडे तो नसतो. म्हणून दोनच मार्ग उरतात. एक तर परवानाधारक बंदूक कारागिराकडे काम सोपवा, नाहीतर लाकडाचे काम परवानाधारकाने स्वतः घरी करावे. सुटे केलेले लाकूडही दुसऱ्याच्या दुकानात सोडून येऊ नका.

ज्यांच्या घरी परवानाधारकाचे निधन झाले आहे आणि परवाना अजून वारसाच्या नावावर झालेला नाही, त्यांनी दस्त्याचा विचार नंतर करावा. परवाना वारसाहक्काने आपोआप येत नाही. अशी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि वारसाला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. दुःखाच्या दिवसांत हे राहून जाते आणि पुढे त्रास होतो.

आता सुरक्षा. काडतुसे आधी दुसऱ्या खोलीत, कुलपात. रायफलीची नळी सुरक्षित दिशेला ठेवून मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, आत डोळ्याने पाहा आणि बोटानेही चाचपून पाहा. ‘रिकामीच आहे’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकून खरे मानू नका. मग बोल्ट काढून वेगळा कुलपात ठेवा. लहान मुले शाळेत असतील अशीच वेळ निवडा.

लाकूड लोखंडापासून वेगळे करण्याचे काम मात्र मी बंदूक कारागिराकडूनच करून घ्या असे सांगेन. त्याला कारण आहे. .३१५ रायफल ही जुन्या ली-एनफिल्डच्या घराण्यातली. .३०३ हे लष्कराचे काडतूस असल्यामुळे ते सामान्य नागरिकांना बंद होते. म्हणून नागरिकांसाठी .३१५ आले आणि पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात या रायफली बनल्या. ली-एनफिल्डमध्ये लाकूड एकसंध नसते. मागचा दस्ता वेगळा आणि नळीखालचे पुढचे लाकूड वेगळे. मागचा दस्ता आतून जाणाऱ्या एका लांब बोल्टने आवळलेला असतो. जुन्या शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्डमध्ये त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील एका पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता तो बोल्ट फिरवला की पुढचे लाकूड आतून चिरते. हे माहीत नसलेल्या माणसाने पान्हा लावला की पॉलिशचे काम बाजूलाच राहते आणि लाकूडच बदलायची वेळ येते.

पॉलिश का सुटते?

लाकूड सुटे झाले की दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, ते नीट पाहा. प्रत्येक खूण काही सांगते.

पांढरे डाग म्हणजे पॉलिशमध्ये दमटपणा शिरला आहे. चपड्याच्या पॉलिशला ही सवयच आहे. चपडा म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी लाख शुद्ध करून केलेले पातळ तुकडे. स्पिरिटमध्ये विरघळवून ते लाकडावर चढवतात. दिसायला सुंदर, पण पाण्याने पांढरे पडते आणि उष्णतेने मऊ होते. पत्रातले डाग मागच्या टोकाला आहेत, हे लक्षात घ्या. तिथे लोखंडी किंवा पितळी पट्टी असते आणि तिच्याखाली लाकडाचा आडवा काप असतो. झाडाच्या बुंध्यातून पाणी वर चढायच्या ज्या बारीक नळ्या असतात, त्यांची तोंडे तिथे उघडी असतात. लाकूड बाजूने पितो त्याच्या कितीतरी पट पाणी या टोकाने पिते. बहुतेक दस्त्यांना तिथे पॉलिशचा हातच लागलेला नसतो, कारण पट्टीखाली कोणाला दिसत नाही. कपाटाच्या ओलसर तळाशी दस्ता टेकवून ठेवला की पाणी खालून वर चढते आणि पॉलिशला आतून ढकलते.

पापुद्रे म्हणजे खालचे लाकूड हलते आहे आणि वरचा थर ताठ आहे. हवेतला दमटपणा ९० टक्क्यांवर गेला की लाकडात साधारण २० टक्क्यांपर्यंत पाणी मुरते. हवा ५० टक्क्यांवर आली की ते ९ टक्क्यांच्या आसपास उतरते. कोकणात जुलै ते जानेवारी या काळात लाकूड असे फुगते आणि आकसते, तेही रुंदीत. लांबीत फारसे नाही. जाड, कडक व्हार्निश हा खेळ सहन करत नाही. त्याला आधी बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी शिरते, मग पापुद्रा उचलला जातो. पीयू जास्त चिवट असते हे खरे. पण खालचे लाकूड तेलकट किंवा ओले असेल तर पीयूसुद्धा धरत नाही. आणि एकदा उखडू लागले की जागच्या जागी दुरुस्त होत नाही, सगळे काढावे लागते.

चिकट काळपट थर हे बहुधा बंदुकीच्याच तेलाचे काम असते. आपण नळीला आणि बोल्टला प्रेमाने भरपूर तेल लावतो आणि रायफल नळी वर करून उभी ठेवतो. महिनोन्‌महिने ते तेल उतरत उतरत दस्त्याच्या गळ्यात, म्हणजे मूठ आवळतो त्या बारीक भागात, जिरते. हे खनिज तेल कधीच सुकत नाही. त्यावर हाताचा घाम आणि धूळ बसते आणि पॉलिश खालून सुटते. यात दिसण्याहूनही मोठा धोका आहे. तेल मुरलेले लाकूड मऊ पडते, आणि गोळी सुटताना मागे बसणारा धक्का नेमका तिथूनच जातो. गळ्याशी किंवा लोखंड टेकते त्या जागी केसासारखी जरी चीर दिसली तरी ती रायफल वापरू नका. ती आधी बंदूक कारागिराला दाखवा.

स्क्रूभोवती काळे कडे दिसले तर त्याला मळ समजून खरवडू नका. अक्रोडाच्या लाकडात टॅनिन असते. ओलसरपणात त्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून काळा रंग आणि शाई आपल्याकडे याच रीतीने बनत आली. म्हणजे ते कडे शाईचे आहे, आणि त्या स्क्रूपाशी पाणी पोहोचत होते, याची ती साक्ष आहे.

पत्रातल्या दस्त्याला पहिली तिन्ही कारणे दिसतात : खालून ओल, वरून तेल आणि मध्ये ताठ पॉलिश. नव्या पॉलिशने यांपैकी एकही कारण दूर होत नाही.

जुने पॉलिश कोणते, हे कसे ओळखावे?

मागची पट्टी काढली की तिच्या कडेला सहज न दिसणारी जागा मिळते. तिथे कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावा आणि दोन मिनिटे थांबा. बोट चिकटले, पॉलिश विरघळले, तर चपडा आहे. काही झाले नाही तर शेजारी थिनरचा थेंब लावा. आता मऊ पडले तर लॅकर आहे. दोन्हींनी काही झाले नाही आणि नखाने कडक पापुद्रा निघतो, तर व्हार्निश किंवा पीयू आहे. आणि पापुद्राच नाही, लाकूड नुसते कोरडे, करडे आणि मळकट दिसते, तर पूर्वी तेलच लावलेले असावे. जुन्या लष्करी ली-एनफिल्ड रायफलींचे लाकूड जवसाच्या तेलात बुडवूनच तयार केले जात असे.

ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, पण त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. तेलाचा दस्ता असेल तर काहीच ओरबाडावे लागत नाही. टर्पेंटाइनच्या फडक्याने मळ काढायचा, सुकू द्यायचा आणि पुन्हा तेल द्यायचे. निम्म्या दस्त्यांचे काम एवढ्यावर भागावे.

काढणे : लाकूड नको, फक्त पॉलिश

चपडा असेल तर स्पिरिटने भिजवलेले फडके थोडा वेळ ठेवून पुसत जा. लॅकर असेल तर थिनरने तेच करा. व्हार्निशसाठी बाजारात पेंट काढायचे द्रव मिळतात. त्यांच्या वाफा घातक असतात. वापरायचेच असेल तर अंगणात, हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून वापरा. स्पिरिट आणि थिनर पटकन पेट घेतात. घरात गॅस, चूल, लोबान, अगरबत्ती काहीही पेटलेले नसावे. मऊ झालेला थर प्लास्टिकच्या पट्टीने किंवा लाकडी चिपाट्याने काढा. चाकू किंवा काचेचा तुकडा नको. कॉस्टिक सोडा किंवा कपड्याचा सोडा तर मुळीच नको. त्याने लाकूड काळवंडते आणि त्याचे तंतू फुटतात.

मशीनने घासायला माझा विरोध का, तेही सांगतो. चांगल्या दस्त्यात लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा केसभर उंच ठेवलेले असते. मशीन फिरले की ते खाली जाते, लोखंडाच्या कडा उघड्या पडतात आणि तिथे पाणी साचायला जागा होते. कोपऱ्यांच्या सरळ धारा गोल होतात. मुठीवरची चौकड्यांची नक्षी पुसली जाते. कारखान्याचे आणि तपासनिसांचे लाकडावर उठवलेले शिक्के जातात. मग दस्ता नवा दिसतो, पण कुठल्याही रायफलीचा वाटतो. अब्बांच्या हाताने झिजलेली जागाही अशीच जाते. अम्मींना जी भीती वाटते ती हीच. लोखंडावरच्या क्रमांकाबद्दल तर बोलायलाच नको. तो पुसट करणे गंभीर गुन्हा आहे, तिथे घासकागदाचा कोपराही लागू देऊ नका.

लाकडाच्या आतल्या बाजूला, जिथे लोखंड बसते, तिथे काहीही घासायचे नाही. धक्का झेलणारे टेकू तिथे असतात. त्यांचे माप बदलले की नेमही बदलतो आणि लाकूडही चिरते.

मुरलेले तेल बाहेर कसे काढावे?

यासाठी महागडे काही लागत नाही. मुलतानी माती किंवा खडूची बारीक पूड घ्या, टर्पेंटाइनमध्ये कालवून चटणीसारखी करा आणि काळपट भागावर जाड लेप द्या. टर्पेंटाइन आत जाऊन तेल पातळ करते आणि सुकता सुकता माती ते वर ओढून घेते. पूर्ण वाळल्यावर लेप झटकून टाका. तो पिवळट-तपकिरी झालेला दिसेल. पुन्हा लेप द्या. तीन-चार वेळा, कधी आठ वेळाही करावे लागते. लेपांच्या मधल्या दिवशी लाकूड काळ्या कापडात गुंडाळून सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर ठेवले तर तेल आपोआप पृष्ठभागावर येते, ते पुसून घ्यावे. दुपारच्या कडक उन्हात ठेवू नका, लाकूड तडकेल. लेपाचा रंग बदलायचा थांबला की तेल संपले असे समजा. या पायरीत घाई केली तर पुढचे तेल त्या जागी कधीच सुकत नाही.

चौकड्यांच्या नक्षीत लेप अडकू देऊ नका. तिथे जुना टूथब्रश आणि थोडे टर्पेंटाइन पुरेसे आहे.

खड्डे आणि ओरखडे

लाकूड दबून पडलेला खड्डा घासून काढायचा नसतो, फुगवून काढायचा असतो. त्या जागी ओले सुती फडके ठेवा आणि गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवा. वाफेने दबलेले तंतू उठतात. चार-पाच वेळा केले की बहुतेक खड्डे भरून येतात. पण ज्या जागी लाकूड तुटूनच निघाले आहे ती जागा उठणार नाही. ती तशीच राहू द्या. शिक्के असलेल्या जागी वाफ देऊ नका, शिक्केही लाकूड दाबूनच उठवलेले असतात.

नंतर ओल्या फडक्याने सगळे लाकूड एकदा पुसा. वाळल्यावर त्यावर बारीक लव उभी राहील. ती ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने, हाताने, तंतूंच्या दिशेने, अगदी हलकेच काढा. घासकागदाचे काम एवढेच. नाकातोंडावर रुमाल बांधा, अक्रोडाची धूळ घशाला लागते.

तेल : कोणते आणि कसे?

आमच्या वाचक भगिनींना हा भाग लगेच समजेल. स्वयंपाकघरातली सगळी तेले सारखी नसतात. खोबरेल वर्षभर ताटलीत ठेवले तरी ओलेच राहते. शेंगदाण्याचे आणि मोहरीचे तेल चिकट होते आणि खवट वास येतो. जवसाचे, म्हणजेच अळशीचे, तेल मात्र हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि शेवटी त्याचा लवचीक थर बनतो. लाकडासाठी हेच हवे. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल’ या नावाने ते मिळते. त्यात लवकर सुकवणारे धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते खाण्याचे नाही. डबा मुलांपासून दूर ठेवा. घाण्याचे कच्चे जवसाचे तेलही सुकते, पण त्याला बरेच दिवस लागतात आणि आपल्या दमट हवेत तोवर त्यावर बुरशी धरते.

पहिला हात अर्धे तेल आणि अर्धे टर्पेंटाइन असा पातळ द्या, म्हणजे आत मुरेल. लाकडाच्या आडव्या कापावर, मागच्या पट्टीखाली, हे मिश्रण पिणे थांबेपर्यंत देत राहा. ओल खालून चढत होती ती इथूनच. स्क्रूच्या छिद्रांतही काडीने थोडे फिरवा. दहा-पंधरा मिनिटांनी वर राहिलेले सगळे तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. पुढचे हात निव्वळ तेलाचे, पण थेंबा-थेंबाने. तळहातावर तीन-चार थेंब घ्या आणि लाकूड गरम लागेपर्यंत चोळा. मग पुसा. दोन हातांमध्ये किमान दोन दिवस जाऊ द्या, बोट चिकटत असेल तर आणखी थांबा. असे सहा-सात हात झाले की लाकडात हळूहळू खोल रंग येतो. जाड थर देऊन वेळ वाचवू नका. जाड तेलावर वरून साय धरते आणि आत ते ओलेच राहते.

हे सगळे काम कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. पावसाळ्यात लाकूड आधीच पाण्याने फुगलेले असते आणि तेल सुकत नाही. सगळे मिळून महिना-दीड महिना लागतो.

शेवटचा हात सुकल्यावर दोन आठवडे थांबून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या आणि लोकरी कापडाने चोळा. आरशासारखी चमक येणार नाही, मंद झळाळी येईल. जवसाचे तेल पाण्याला पूर्ण अडवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पीयू त्या बाबतीत सरस आहे. पण तेलाचा फायदा असा की ते लाकडाबरोबर फुगते-आकसते, आणि पुढे कुठे कोरडे दिसले तर तेवढ्याच जागी दोन थेंब चोळून भागते. पुढच्या पिढीला पुन्हा काही ओरबाडावे लागत नाही.

फडकी : या कामातला खरा धोका

हा परिच्छेद कृपया घरात मोठ्याने वाचून दाखवा. जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर टाकते. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यात किंवा जिन्याखाली टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासांत फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. काडी ओढावी लागत नाही. काम झाले की प्रत्येक फडके अंगणात सुटे पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा. कारखान्यांत आणि सुतारांच्या दुकानांत अशा आगी लागतात. घरात तर लाकडी माळा आणि गाद्या जवळच असतात.

लाकूड कोणते आहे?

पत्रात लाकडाची जात विचारली आहे. चांगल्या जुन्या दस्त्यांना अक्रोडाचे लाकूड वापरत, इतर कठीण लाकडांचे दस्तेही असतात. अक्रोड वजनाला फार जड नाही, धक्का झेलतो, एकदा नीट वाळला की आकार सोडत नाही आणि त्यावर बारीक नक्षी कोरता येते. काश्मीरहून आणलेली कोरीव पेटी ज्यांच्या घरी असेल त्यांनी तिच्या तळाचे लाकूड पाहावे, तेच हे लाकूड. श्रीनगरच्या रैनावारी भागात बंदूक बनवणाऱ्यांचा एक जुना मोहल्लाच आहे, त्याला ‘बंदूक खार मोहल्ला’ म्हणतात. शिकारीच्या बंदुकांना तिथले कारागीर याच अक्रोडाचे दस्ते घडवत. काश्मीरमध्ये अक्रोडाचे झाड सरकारी परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून जुना दस्ता फेकून नवा घेऊ, असे कोणी सुचवले तर आधी विचार करा. तसे लाकूड आता सहज मिळत नाही.

पुन्हा सुटू नये म्हणून

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि शिकार थांबली. तेव्हापासून घराघरातल्या या बंदुका कपाटात गेल्या. नूतनीकरणाच्या वेळी आणि निवडणुकीत जमा करायच्या वेळी तेवढ्या बाहेर निघतात. त्यामुळे ओल आणि तेल वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. वाचक बंधूंनी चार गोष्टी पाळाव्यात.

रायफल कापडी किंवा चामड्याच्या खोळीत घालून साठवू नका. खोळ ओल धरून ठेवते. खोळ फक्त प्रवासापुरती.

लोखंडाला तेल लावले की कोरड्या फडक्याने पुसून जवळजवळ काढून टाका. त्यानंतर पहिली एक-दोन रात्र नळी खाली आणि दस्ता वर असा ठेवा. खाली मऊ कापडाची जाड घडी असू द्या. जास्तीचे तेल लाकडाकडे न जाता नळीच्या तोंडाकडे उतरेल.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे आणि दस्ता तळाला थेट टेकू नये. खाली लाकडी फळी ठेवा. कपाटाला कुलूप हवेच.

महिन्यातून एकदा बाहेर काढून, रिकामी असल्याची खात्री करून, कोरड्या सुती कापडाने पुसा. गौरी-गणपतीच्या सुमारास पाऊस ओसरू लागला की एकदा आणि उन्हाळ्याच्या शेवटी एकदा मागची पट्टी काढून तिच्याखालचे लाकूड पाहा. ओल पहिल्यांदा तिथेच दिसते.

ज्यांच्या घरी बंदूक नाही, आणि बहुतेकांच्या नाहीच, त्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल. वडिलांची लाकडी रेहल, आजीची सागवानी पेटी, ओटीवरचा झोपाळा यांनाही हीच परीक्षा लावा. झोपाळ्याच्या कड्याभोवती काळे वर्तुळ असेल तर तिथे पाणी शिरते आहे. पेटीच्या तळाला पांढरे डाग असतील तर ती ओल्या फरशीवर उभी आहे. रेहलचे पाय उघडतात त्या सांध्यापाशी पॉलिश उडाले असेल तर ते वापराने उडाले आहे, त्याला सगळे पॉलिश काढायची गरज नाही, थोडे मेण पुरे.

राहता राहिला अम्मींचा प्रश्न. त्यांना हे सगळे वाचून दाखवा आणि तेलाचा पहिला हात देताना त्यांना जवळ बसवा. अब्बांच्या मुठीने गुळगुळीत झालेली जागा तेल लागले की आधीपेक्षा ठळक दिसू लागेल. ती घासली गेली नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.